वाट सांगणाऱ्याची जबाबदारी

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



संस्थेच्या पन्नासाव्या वर्षी मला बोलण्याची संधी दिलीत, याबद्दल प्रथम कृतज्ञता व्यक्त करतो. मी विद्वान नाही, प्रवचनकार तर नाहीच नाही. मुरबाडच्या बाजारपेठेत किराणा मालाच्या दुकानात वाढलेला आणि सुट्टी मिळाली की डोंगर चढणारा एक सामान्य माणूस आहे. संयोजकांनी विषय दिला तोही माझ्या याच वेडावरून. दुर्गम, सुंदर स्थळांची माहिती इंटरनेटवरून जगाला सांगावी की सांगू नये? त्याने त्या स्थळांचे भले होते की नुकसान? प्रश्न ऐकायला हलका वाटतो. परंतु जुलै महिन्यातल्या रविवारी माळशेजच्या रस्त्यावर किंवा कसाऱ्याकडे जाताना ज्यांनी वाहनांच्या रांगा पाहिल्या आहेत, त्यांना तो हलका वाटणार नाही.

आरंभी एक गोष्ट मान्य करू. वाट सांगणे हे मुळात पुण्याचे काम आहे. आपल्या मुरबाड तालुक्यातील वैशाखरे गावाजवळून नाणेघाटाची चढण सुरू होते. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहनांच्या काळात कल्याण आणि सोपारा या बंदरांतला माल याच वाटेने जुन्नरकडे जात असे. घाटमाथ्यावरच्या लेण्यात नागनिका राणीचा प्रसिद्ध शिलालेख आहे, खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत आणि जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजणही आहे. वाटसरूला पाणी कुठे मिळेल, मुक्काम कुठे करावा, हे त्या काळी एका तांड्याने दुसऱ्या तांड्याला सांगितले नसते तर हा व्यापारी मार्ग शतकानुशतके चाललाच नसता. आपण व्यापारी माणसे आहोत. वाटेच्या माहितीचे मोल आपल्याला कोणी शिकवायला नको.

पुढच्या काळातही हे काम चांगल्या माणसांनी केले. गो. नी. दांडेकरांच्या लेखनाने महाराष्ट्रातील कित्येक तरुणांच्या मनात दुर्गांची ओढ निर्माण केली. हरीश कापडिया यांच्या इंग्रजी पुस्तकाच्या आधाराने मुंबईची मुले सह्याद्रीत हिंडली. डोंबिवलीच्या ट्रेकक्षितिज संस्थेने किल्ल्यांची माहिती मराठीतून संकेतस्थळावर उपलब्ध करून दिली. या सर्वांमुळे माहुली हा केवळ आसनगाव स्थानकातून दिसणारा सुळक्यांचा डोंगर राहिला नाही. १६३६ साली शहाजीराजांना याच गडावर शरणागती पत्करावी लागली, हा इतिहास लोकांना कळला. सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांनी देशासाठी प्राण दिले, याचे स्मरण दूरदूरच्या तरुणांना झाले. तेव्हा ‘कोणाला काही सांगूच नका’ असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. असे म्हणणारे बहुधा स्वतः ते स्थळ पाहून आलेले असतात, हेही लक्षात घ्यावे.

मग बिघडले कुठे? त्यासाठी मला माझीच एक चूक आपल्यापुढे ठेवावी लागेल.

सुमारे दहा वर्षांपूर्वीची गोष्ट. मुरबाड तालुक्यात डोंगराच्या कुशीत एक ठाकरांचा पाडा आहे. माझ्या वडिलांच्या दुकानात त्या पाड्यावरची माणसे मीठ-मिरची, रॉकेल घ्यायला येत. वहीवर उधारी लिहिली जाई आणि हंगाम झाला की ती फिटे. त्या ओळखीने मी लहानपणापासून तिथे जात असे. पाड्यामागे एक ओढा आहे, त्याला पावसाळ्यात एक सुरेख डोह भरतो. एका आषाढात मी त्या डोहाची छायाचित्रे काढली आणि फेसबुकवर टाकली. सोबत सविस्तर वाट लिहिली. हमरस्ता कुठे सोडायचा, गाडी कुठे लावायची, डोहापर्यंत किती मिनिटे लागतात, सगळे लिहिले. हेतू वाईट नव्हता. आपल्या तालुक्याचे कौतुक व्हावे, एवढेच मनात होते. कौतुक झालेही. अनोळखी माणसांनी धन्यवाद दिले आणि मी सुखावलो.

पुढच्या पावसाळ्यात त्या पाड्यावर मी गेलो तेव्हा रस्त्याच्या दोन्ही कडांना गाड्या होत्या. डोहावर पाय ठेवायला जागा नव्हती. मोठ्या आवाजात गाणी चालू होती. ज्या डोहाच्या खालच्या अंगाला पाड्यातल्या बायका धुणे धूत आणि अंघोळ करीत, तिथे शनिवार-रविवारी त्यांना जाण्याची सोय उरली नव्हती. आणि सर्वांत वाईट म्हणजे फुटलेल्या बाटल्यांच्या काचा ओढ्याच्या पाण्याबरोबर खालच्या भातखाचरांत उतरल्या होत्या. लावणी अनवाणी पायांनी, गुडघाभर चिखलात करायची असते. चिखलातली काच दिसत नाही. एका घरचा कर्ता माणूस ऐन लावणीत पाय कापून घरी बसला होता.

त्याच्या म्हाताऱ्या आईने मला लहानपणापासून पाहिले होते. ती रागावली नाही. तिने एवढेच विचारले, “शेट, वाट तूच सांगितलीस ना?”

मी घरी येऊन तो मजकूर काढून टाकला. परंतु तोपर्यंत तो शेकडो ठिकाणी उतरवून घेतला गेला होता. धनुष्यातून सुटलेला तीर आणि तोंडातून गेलेला शब्द परत येत नाही, असे आपण म्हणतो. इंटरनेटवरची वाट त्याहूनही परत येत नाही. त्या पाड्याचे नाव आज मी आपल्याला सांगणार नाही. कृपया व्याख्यानानंतरही विचारू नये.

या घटनेचा मी पुष्कळ विचार केला. वाट तर पूर्वीही सांगितली जात होती, मग आताच अनर्थ का होतो? मला जे उत्तर सापडले ते असे. पूर्वी पुस्तकातील माहिती वाचून माणूस एस.टी.ने पायथ्याच्या गावी उतरे. पुढची वाट त्याला गावात विचारावीच लागे. त्या विचारण्यात सगळे काही होते. गावातला माणूस त्याला पाहत असे, जोखत असे. ‘आज जाऊ नका, वर पाऊस आहे, ओढ्याला पाणी वाढेल’, असे सांगत असे. कधी घरी बोलावून चहा देत असे, कधी बरोबर मुलगा धाडत असे. पाहुणा आणि यजमान हे नाते त्या एका प्रश्नातून जुळे. आज मोबाईलमधला नकाशा माणसाला थेट डोहाच्या काठाशी नेऊन सोडतो. गावात कोणालाही काही विचारण्याची गरज उरत नाही. यजमानाला न भेटता आलेला माणूस पाहुणा कसा म्हणावा?

दुसरे कारण वेळेचे. पुस्तक वाचून वर्षभरात कधीतरी कोणी येत असे. आज अर्ध्या मिनिटाची चित्रफीत लाखो लोकांना एकाच आठवड्यात दिसते, आणि ते सारे एकाच रविवारी निघतात. त्या चित्रफितीत पाणी दिसते. पाण्यामागचा धोका दिसत नाही. आपल्या कोकणउताराच्या ओढ्यांचे पाणी घाटमाथ्यावर पडलेल्या पावसाने वाढते. खाली ऊन पडलेले असते आणि वरून काही मिनिटांत लोंढा येतो. स्थानिक माणसाला पाण्याचा बदललेला रंग आणि आवाज कळतो, परक्याला कळत नाही. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यास भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. पुढच्याच महिन्यात माणगावजवळच्या कुंभे धबधब्याच्या दरीत पडून मुंबईची एक तरुणी प्राणास मुकली; प्रवासाच्या चित्रफिती करण्यासाठीच ती ओळखली जात होती. आपल्या जिल्हा प्रशासनालाही मुरबाड-शहापुरातील धबधब्यांवर पावसाळ्यात बंदीचे आदेश काढावे लागले आहेत.

शहापूर तालुक्यातील विहीगावचे उदाहरण आपल्या सर्वांना ठाऊक आहे. २००१ साली आलेल्या ‘अशोका’ या हिंदी चित्रपटातील काही दृश्ये तिथल्या धबधब्यावर चित्रित झाली. त्यानंतर तो धबधबा ‘अशोका धबधबा’ म्हणूनच ओळखला जाऊ लागला. ज्या गावाचा तो धबधबा, त्या गावाचे नाव बाहेरच्या लोकांच्या बोलण्यातून मागे पडले. एका अर्थी पाहता ही लहानशी गोष्ट आहे. परंतु मालकाचे नावच ठाऊक नसेल तर त्याची परवानगी घेण्याचा विचार तरी मनात कसा यावा?

आता याची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे पाहिली पाहिजे. दिवाळीनंतर आपल्या भागातली कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. लेकराबाळांसह पाडे ओस पडतात. पाहुण्यांमुळे गावातच चार पैसे मिळणार असतील, कोणाला वाटाड्याचे, कोणाला जेवण रांधण्याचे काम मिळणार असेल, तर ते नाकारण्याचा अधिकार आपल्याला नाही. मी सांगितलेल्या त्या पाड्यावरही दोन घरांनी भाकरी-पिठल्याची सोय सुरू केली आणि त्यांना बरे उत्पन्न झाले. मात्र उरलेल्या घरांच्या वाट्याला केवळ काचा आल्या. त्यावरून पाड्यात दोन तट पडले. म्हणजे लाभ काही जणांना आणि उपद्रव सर्वांना, अशी ही वाटणी झाली.

उपद्रव आणि लाभ यांचा मेळ घालता येतो, याची उदाहरणेही आहेत. साताऱ्याजवळचे कास पठार २०१२ साली पश्चिम घाटातील इतर स्थळांबरोबर जागतिक वारशात समाविष्ट झाले. फुलांच्या हंगामात लोटलेल्या गर्दीच्या पायांखाली फुलेच तुडवली जाऊ लागली. तेव्हा वन खाते आणि परिसरातील गावांच्या समित्यांनी मिळून दिवसाला तीन हजार लोकांची मर्यादा घातली, आगाऊ नोंदणी ठेवली आणि प्रवेशशुल्क घेण्यास प्रारंभ केला. ज्या इंटरनेटने गर्दी आणली, त्याच इंटरनेटवर नोंदणी होऊ लागली. सारे प्रश्न सुटले असे नाही. परंतु स्थळाची धारणशक्ती किती, हे कोणीतरी ठरवले आणि पाहुण्यांनी ते ऐकले.

आणि फार दूर कशाला जायचे? आपल्या म्हशाची यात्राच पाहा. पौष पौर्णिमेला खांबलिंगेश्वराच्या दर्शनाला केवढा जनसमुदाय लोटतो! बैलांचा बाजार भरतो, घोंगड्यांची दुकाने लागतात. आपल्यापैकी अनेकांच्या वाडवडिलांनी तिथे पाल ठोकून व्यापार केला आहे. ती गर्दी गावाला परकी वाटत नाही. कारण तिची तिथी ठरलेली आहे, जागा ठरलेली आहे, आणि यजमान कोण व पाहुणा कोण हे सर्वांना ठाऊक आहे.

बंधुभगिनींनो, हीच गोष्ट आपल्या धर्मपरंपरेने किती पूर्वी ओळखली होती, याकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो. शत्रुंजय गिरिराज हे केवढे लाडके तीर्थ! त्याची माहिती कोणी लपवून ठेवली नाही. उलट घराघरांत त्याचे पट लावले गेले, स्तवने गायली गेली. परंतु वाट सांगताना मर्यादाही सांगितली गेली. सूर्यास्तापूर्वी खाली उतरावे, पर्वतावर रात्री राहू नये, आणि चातुर्मासात यात्रा बंद ठेवावी. कार्तिकी पौर्णिमेला ती पुन्हा सुरू होते. ज्या चार महिन्यांत आपल्या साधु-साध्वी भगवंतांचा विहार थांबतो, पावसाने जमिनीवर उपजलेल्या असंख्य जीवांवर पाय पडू नये म्हणून थांबतो, नेमक्या त्याच चार महिन्यांत मुरबाड-शहापूरच्या डोंगरांवर सर्वाधिक पाय पडतात, हा केवढा विरोधाभास!

काजव्यांचे उदाहरण घ्या. भंडारदरा आणि पुरुषवाडीच्या रानात पावसाच्या तोंडावर झाडेच्या झाडे काजव्यांनी उजळतात. हे दृश्य जगजाहीर झाल्यापासून तिथे रात्री मोटारींची रीघ लागते. काजव्याचा प्रकाश ही त्याची जोडीदाराला दिलेली हाक असते. मोटारींच्या दिव्यांत आणि मोबाईलच्या झोतांत ती हाक हरवते. गवतात, जमिनीवर असलेले कित्येक कीटक बुटांखाली चिरडले जातात. ज्याच्यावर प्रेम म्हणून गेलो, त्याच्याच वंशावर घाला आला. मुंगीवर पाय पडू नये म्हणून खाली पाहून चालणाऱ्यांच्या वंशजांनी यावर विचार करावयाचा नाही, तर कोणी करावयाचा?

सम्मेद शिखरजींच्या वेळी आपण सर्वांनी काय केले, तेही आठवावे. ऑगस्ट २०१९ च्या अधिसूचनेत त्या परिसरात पर्यटनाला वाव दिला गेला. पुढे तीर्थाचे पर्यटनस्थळ होईल या चिंतेने देशभरातील जैन समाज रस्त्यावर उतरला. अखेर ५ जानेवारी २०२३ रोजी केंद्र सरकारने तेथील पर्यटनविषयक तरतुदींना स्थगिती दिली. वीस तीर्थंकरांच्या निर्वाणभूमीवर सहलीचा गोंगाट नको, ही आपली भावना योग्यच होती. त्याच पर्वताला संथाळ बांधव मरांग बुरू म्हणून पूजतात, हेही तेव्हा अनेकांना प्रथमच कळले. डोंगराला त्याची माणसे असतात. मग आपल्या ठाकर, कातकरी, महादेव कोळी, वारली बांधवांच्या डोंगरावर, त्यांच्या देवांच्या जागी आपण चित्रफीत घेऊन जगाला आवतण देतो, तेव्हा तीच भावना कोठे जाते? आपल्या तीर्थासाठी जी मर्यादा मागितली, ती दुसऱ्याच्या अंगणासाठी पाळणे हे आपले कर्तव्य ठरते.

थोडे कटू बोलतो, क्षमा असावी. हमरस्त्यावरची निम्मी-अधिक दुकाने आपलीच आहेत. ओढ्यात सापडणाऱ्या पाण्याच्या बाटल्या, वेफरच्या पिशव्या, द्रोण आणि पेले आपल्याच गल्ल्यावरून जातात. थर्माकोलच्या ताटवाट्यांवर २०१८ पासून राज्यात बंदी आहे, तरी त्या कुठून येतात, याचे उत्तर प्रत्येकाने स्वतःच्या मनाला द्यावे. शहापूरच्या भूमीत साठलेले तानसा आणि भातसाचे पाणी मुंबई पिते, आणि उन्हाळ्यात शहापूरचेच पाडे टँकरची वाट पाहतात. निदान पावसाळ्यातले त्यांचे ओढे तरी आपण स्वच्छ राहू द्यावेत. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पाही खुला झाला. म्हणजे शहापूरला येणारी गर्दी यापुढे वाढणारच. ती थांबवणे आपल्या हाती नाही. तिला वळण लावणे मात्र काही अंशी आपल्या हाती आहे.

म्हणून या सुवर्णमहोत्सवी वर्षात काही साध्या गोष्टींचा नियम घ्यावा, अशी विनंती करतो. पहिली, एखाद्या स्थळाची वाट जाहीर करण्यापूर्वी त्या गावाला विचारावे; तेथील चार जाणत्या माणसांची, विशेषतः बायकांची, संमती असेल तरच लिहावे. दुसरी, लिहायचे तर अर्धवट लिहू नये. कोणत्या महिन्यात जाऊ नये, कोठे उतरू नये, वाटाड्या कोणत्या गावात मिळेल, हे छायाचित्राच्या आधी यावे. तिसरी, जी स्थळे नाजूक आहेत, म्हणजे पाण्याचे झरे, पक्ष्यांची घरटी, काजव्यांची राने, देवराया, त्यांचे सौंदर्य जरूर वर्णावे, पत्ता देऊ नये. चौथी, चातुर्मासात धबधब्यांचे आवतण कोणालाही देऊ नये. नाणेघाट, माहुली, सिद्धगड हे सारे कार्तिकी पौर्णिमेनंतरही तितकेच देखणे असतात आणि वाट कोरडी असते. पाचवी दुकानदारांसाठी. बाटली परत आणून देणाऱ्याला काही रक्कम परत द्यावी. दोन-तीन दुकानांनी जरी आरंभ केला तरी फरक दिसेल.

शेवटी त्या पाड्याविषयी. मी पुष्कळदा तिथे गेलो. पहिल्या वर्षी काही तरुणांना घेऊन खाचरांतल्या काचा वेचल्या. तरी सगळ्या निघाल्या असे म्हणवत नाही. पाड्याने आता रस्त्यावर एक बांबू आडवा लावला आहे. गाडी तिथेच थांबते. कोण, कुठले, किती जण, हे विचारले जाते. पाणी वाढले असेल तर माणसे परत पाठवली जातात. काही जण हुज्जत घालतात, बरेचसे ऐकतात. जमा होणारे पैसे सर्व घरांत कसे वाटायचे यावर अजून वाद होतात. परंतु तो वाद त्यांचा आहे, आणि निर्णयही त्यांचाच असेल.

बांबू लावल्यानंतर मी प्रथम गेलो तेव्हा मलाही अडवले. त्या म्हातारीचा नातू होता. त्याने मला ओळखले नाही. “कुठं चालला? कोनाला विचारलं का?” असे त्याने दरडावले. खरे सांगतो, इतके बरे मला त्या फेसबुकवरच्या शेकडो धन्यवादांनीही वाटले नव्हते.

आज या व्यासपीठावरून मी त्या पाड्याची, त्या ओढ्याची आणि माझ्या पायांखाली व माझ्या शब्दांखाली दुखावल्या गेलेल्या लहान-थोर सर्व जीवांची मनःपूर्वक क्षमा मागतो.

मिच्छामि दुक्कडम्. जय जिनेंद्र!